वाकड्या झाडापासून अकरा मीटर

आरंभबिंदू: नदीकाठचं वाकडं झाड.

एवढ्या एका ओळीवरून मोजणीबाईंचं अख्ख्या कचेरीत हसं झालं. कारण ते झाड महिन्यापूर्वीच पुराने नेलं होतं. गल्लीतली दारं, नळ, गटारं, सगळं वर्षानुवर्षं त्याच झाडापासून मोजलेलं. पुरानंतरच्या पहिल्या कागदावरही बाईंच्या हाताने सवयीने तेच लिहिलं. साहेबांनी लाल गोल काढून कागद परत केला. खाली दोन शब्द: झाड कुठाय?

बाईंनी टेप खांद्याला अडकवला आणि तडक थोरल्या बहिणीचं घर गाठलं.

पूरभिंत: वाकड्या झाडापासून अकरा मीटरवर; लांबी एकशे चाळीस मीटर, सलग.
मध्ये वाट:

हा रकाना अजून कोराच होता. पुरुषभर उंच भिंतीत बाईंना तीन मीटरची वाट हवी होती. खाली पायऱ्या, आणि पाणी चढलं की लावून घ्यायला लोखंडी दार. नाहीतर उद्याची पोरं नदी नुसती ऐकणार. साहेबांची अट एकच: वाटेसमोरच्या घराची लेखी संमती, आज चारच्या आत.

समोरचं घर ताईचं. तिच्या शिवणाच्या खोलीत पाणी छातीपर्यंत उभं राहिलं होतं.

"नाही," ताई म्हणाली. बाई अजून दारातच होत्या.

"मी काही बोललेच नाही."

"काही मागायचं असलं की तू अशीच उभी राहतेस, लहानपणापासून. भिंत सलगच होऊ दे. त्या बयेचं तोंड बघायचं नाही मला."

"तिच्यात पोहायला मला तूच शिकवलंस."

"शिकवलं कुठलं, ढकललं."

"तेच ते."

शेरा (नियमात बसत नाही, तरी लिहिला): समोरच्या घराला नदीचा राग आहे. असा राग परक्याचा येत नाही.

"बरं, संमती राहू दे," बाई म्हणाल्या. "झाड नेमकं कुठे होतं तेवढं सांग. माझी अब्रू गेलीय." त्यांनी कागद पुढे केला.

ताईने वाचला. मग इतकी हसली की ओठांत धरलेल्या टाचण्या गळून पडल्या. "वाहून गेलेल्या झाडापासून अकरा मीटर! कुणाची अक्कल चरायला गेली होती?"

"माझीच."

"ते दिसतंच आहे."

नदीकडच्या खिडकीवर पुरापासून चादर ठोकलेली होती. वीस वर्षं ताई त्या खिडकीशी मशीनवर बसली होती, आणि मान वर केली की समोर झाड. ती क्षणभर घुटमळली. मग चादरीचं टोक धरून एका हिसक्यात उपटली. नदी गढूळ होती, पण खाली गेलेली, आपल्या जागी.

बाई पहार घेऊन काठावर पळाल्या.

"डावीकडे! अगं, तुझ्या नव्हे, माझ्या!" ताई खिडकीतून ओरडली. "खोड दुसऱ्या गजाआड अर्धं लपायचं. अजून बोटभर... पुढे गेलीस, धांदरट! मागे. हां, तिथे!"

पहार वीतभर गाळात गेली आणि लाकडावर आदळली. जाडजूड मूळ, अजून घट्ट.

"लागलं!"

 बाईंनी वळून पाहिलं, तर खिडकी रिकामी. ताई चिखल तुडवत काठाकडे येत होती. मुळाकडे तिने पाहिलं, मग बराच वेळ पाण्याकडे.

"वाट किती म्हणालीस?"

"तीन मीटर."

"दोन कर. तीनचं दार मला एकटीला ओढवायचं नाही."

"तू कशाला ओढतेस? कचेरीचा माणूस येईल."

"येईल ना, पूर ओसरल्यावर! पाणी चढतंय हे मला आधी कळतं. किल्ली माझ्याकडे राहील. तसं लिही, मग सही."

बाईंनी गुडघ्यावर कागद ठेवला आणि लिहायला घेतलं. ताई खांद्यावरून वाकून वाचत होती. दोनचा आकडा नीट काढ, साहेबांना तीन वाटायला नको, म्हणून दटावत होती.