दोन इंच

निजामपुऱ्यातल्या वधूवर मंडळाला नवं कुलूप बसलं, आणि ते घडवलं स्नेहलताबाईंच्या लेकीनं, इरानं. स्थळांची माहिती ब्लॉकचेनवर, म्हणजे खोडता न येणाऱ्या संगणकी वहीत, बंद. मंडळालासुद्धा वाचता यायची नाही. पडताळायची तर दोन्ही घरांसमोर खरी माहिती पुन्हा भरायची. आधी नोंदवलेल्या माहितीशी जुळली तर हिरवी खूण, नाहीतर लाल. सगळं हिरवं, तरच साखरपुडा.

रविवारी मुलगा आशय आणि त्याचे वडील जगदेवराव घरी आले. जगदेवरावांचा जन्म प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात मोजमापं घेण्यात गेलेला. खिशात अजून टेप.

"चहा खुणांनंतर, वहिनी."

इराचा फॉर्म वर्षापूर्वी स्नेहलताबाईंनीच भरला होता. स्थळाच्या कागदावर लेकीला दोन इंच चढवायचे नाहीत, तर आईनं करायचं तरी काय?

जन्मतारीख हिरवी. शिक्षण हिरवं. जगदेवरावांनी इराला भिंतीशी उभं करून टेप लावली. "पाच फूट एक."

लाल.

"मशीन बिघडलं असेल," स्नेहलताबाई म्हणाल्या.

"आई, मशीन मी बनवलंय."

"म्हणूनच म्हणते."

"वर्षभरात पोरगी आटली की काय?" जगदेवराव म्हणाले.

पुढचा प्रश्न, पुरणपोळी येते का? इरानं सरळ 'नाही' भरलं. पुन्हा लाल.

स्नेहलताबाईंनी पदर सावरला. "पाच-तीन भर. आणि पुरणपोळीला 'उत्तम'. खोटं मी लिहिलं भाऊ, पोरीनं नाही. मोडायचं तर माझ्या नावावर मोडा."

इरानं भरलं. दोन्ही खुणा हिरव्यागार.

"वा! खोटं अगदी खरं निघालं," जगदेवराव म्हणाले.

"पुसून टाक ना गं."

"पुसता येत नाही. खाली दुरुस्ती जोडता येते."

ओवीसारखंच की, स्नेहलताबाईंना वाटलं. गायलेली ओळ परत घेता येत नाही. पुढची तिला सांभाळून घेते.

"आता मुलाचं," त्या म्हणाल्या आणि टेपेसाठी हात पुढे केला.

जगदेवरावांना ठसका लागला. आशय भिंतीशी गेला. पाच-सात.

लाल.

"पाच-नऊ भर," जगदेवराव भिंतीकडे बघत पुटपुटले. "चढवतात हो सगळेच."

आशय हसत लॅपटॉपशी बसला. दोघांच्या उंचीखाली खरी मापं जोडली, इराच्या पुरणपोळीखाली दुरुस्ती जोडली: 'आशयला येते.'

सगळं हिरवं झालं. जगदेवरावांनी टेप गुंडाळून खिशात टाकली.

"विहीणबाई, चहा राहिला की हो."