थोरलीचा टोस्टर

मी एक जुना टोस्टर आहे. मित्रांनो, ही गोष्ट एकोणीसशे एक्क्याऐंशी सालची. त्या वर्षी घरात धाकटी सून आली आणि तिने मला माळ्यावरून खाली काढलं.

त्याआधी मी थोरल्या सुनेचा होतो. ती मला पुसून असा लख्ख करायची, की माझ्यात तिचा चेहरा दिसे. "आधी पाव भाज, मग तोंड बघ," सासूबाई चिडवायच्या. पोटात चुरा साठला की मला उलटा करून ती पाठीवर बोटांनी टकटक करी.

एका सकाळी पावाचा तुकडा आत अडकला. "आटप गं लवकर," सासूबाई म्हणाल्या. थोरलीने बटण बंद केलं, पण पिन भिंतीतच राहिली. सॉकेट ढिलं होतं; काढलेली पिन पुन्हा बसता बसत नसे, म्हणून त्या घरात ती कुणीच काढत नसे. भिंतीतल्या तारा मात्र उलट जोडलेल्या होत्या. बटण बंद असूनही माझ्या अंगात वीज होती. तिने सुरी आत घातली. पुन्हा ती बोलली नाही.

सुरी फक्त सासूबाईंनी पाहिली. त्यांनी ती उचलून ठेवली, मला माळ्यावर टाकलं आणि सगळ्यांना सांगितलं, "हृदय बंद पडलं." मग तारा कोण तपासणार?

"अहो आई, इतका छान टोस्टर माळ्यावर का?" मला खाली काढल्यावर धाकटीने सासूबाईंना विचारलं.

"बिघडलाय तो."

"कुठे बिघडलाय? बघा कसा तापतोय!"

सासूबाई चहा तसाच टाकून आत गेल्या. निवताना माझा पत्रा टकटक वाजतो, मित्रांनो. तो आवाज आला की त्या बोलता बोलता थांबत. थोरला मुलगा ताटावरून उठे. मलाही पाठीवर तीच बोटं जाणवत.

"या घरात पाव भाजला की सगळ्यांची तोंडं का उतरतात हो?" धाकटीने नवऱ्याला विचारलं.

"तू खा ना," तो म्हणाला.

मग एक दिवस पुन्हा तुकडा अडकला. धाकटीने बटण बंद केलं, सुरी घेतली. मला ओरडता येत नव्हतं.

"पिन काढ! आधी पिन काढ गं!" सासूबाई दारातूनच किंचाळल्या.

धाकटी दचकून मागे सरली. "अहो, बटण बंद आहे की!"

"तिचंही बंदच होतं," म्हणत सासूबाई खाली बसल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. थोरला मुलगा दारात उभा राहून ऐकत होता.

त्याच दिवशी वायरमन आला. तारा सुलट झाल्या, सॉकेट नवं बसलं. थोरल्याने आईशी अबोला धरला, परगावी नोकरी धरली आणि आईच्या शेवटच्या आजारपणातच परतला. तोवर सासूबाई प्रत्येक शेजारणीला ती सकाळ सांगत राहिल्या. धाकटी आता आजी झाली आहे. नव्या टोस्टरची पिन काढून, तो पूर्ण निवू देऊन, उलटा झटकून चुरा पाडायला ती नातवंडांना शिकवते. पाणी नाही, सुरी नाही. वरून फक्त कोरडं फडकं. माझी वायर तिने कापून टाकली. मी फळीवर असतो.

मित्रांनो, तुम्हीही टोस्टर तिच्यासारखाच साफ करा. आणि तुमच्या घरात कुणाचं नाव निघताच मोठी माणसं गप्प होत असतील, तर जवळ बसून त्यांना विचारा.