ओरव्हल टिगनची हजेरी

विभाग चौदा, रांग एकतीस, खुर्ची पाच. आत्ताची किंमत एकशे चाळीस डॉलर. आणखी अकरा जण हीच खुर्ची पाहत आहेत!

खोटं. तिकिटांची वेबसाइट काहीही म्हणो, ती खुर्ची कुणीही पाहत नाही. तिच्यावरचा दातांचा डॉक्टर वैतागून सोडून गेला तेव्हापासून तिथे कबुतरं बसतात, आणि मध्यंतराच्या आधी तीही उडून जातात. चेंडू काखेत मारून चार पावलं पळायचं आणि पाचव्या पावलाला तो खाली टाकायचा, हा आमच्या पोरांचा अमेरिकन फुटबॉल कबुतरांनाही बघवत नाही.

मी नऊ नंबरवर बसतो. सात आणि आठ टिगन लोकांच्या. सातवर मार्लिस टिगन, शाळेची बस चालवते. आठवर तिचा बाप ओरव्हल.

ओरव्हल मेलेला आहे.

*

लाउडस्पीकर: सारसप्रेमींनो! आजची उपस्थिती एकसष्ट हजार दोनशे! स्वतःसाठी टाळ्या होऊन जाऊ द्या!

समोरच्या सज्जावर जांभळी ताडपत्री घातलेली आहे. तिच्यावर पंख पसरलेला सारस छापलाय, आमच्या संघाचा पक्षी. पक्ष्याखाली हजारो रिकामी बाकं आहेत. विद्यापीठाच्या हिशेबात त्या बाकांवर माणसं बसलेली असतात. कॅमेऱ्याचं तोंड आमच्या बाजूला, त्यामुळे टीव्हीवर बघणाऱ्याला वाटतं की हार्लन फोर्क गावात मुंगीला शिरायला जागा नाही.

हे सगळं ट्रेंट केसिंजरने केलं. विद्यापीठाचा क्रीडाप्रमुख. ‘मला ट्रेंट म्हणा’ असं सगळ्यांना सांगतो, म्हणून आम्ही त्याला केसिंजर म्हणतो. आधी तो बोटीच्या सहलींची तिकिटं विकायचा. बोटीवरचा माणूस मधेच उठून घरी जाऊ शकत नाही, एवढा एक फरक त्याच्या लक्षात आला नाही.

पूर्वी आम्ही तिकीट विकत घ्यायचो. याने तिकीट विकत घेण्याचा मान विकायला काढला. त्याला देणगी म्हणायचं. देणगी दिली की तिकिटाचे पैसे वेगळे. मग तिकिटाची किंमत दर आठवड्याला हलायला लागली: समोरचा संघ आपल्याला जितका जास्त तुडवणार, तितकं ते महाग. मार खायला आम्ही जास्त पैसे मोजत होतो, आणि मोजतोय म्हणून एकमेकांना निष्ठावान म्हणत होतो. असे आम्ही.

आणि मग तो नियम. खुर्ची माणसाबरोबर मरते. नवरा गेला तर बायकोला मिळते, बाप गेला तर लेकीला नाही. लेकीने रांगेच्या शेपटाला उभं राहायचं, नवी देणगी द्यायची आणि मिळेल तिथे, बहुतेक ताडपत्रीच्या शेजारी, बसायचं.

ओरव्हल गेला त्या उन्हाळ्यात मार्लिसच्या भावाने घर विकलं, गाडी विकली, बापाचं मासे पकडायचं सामानसुद्धा विकलं. या दोन खुर्च्या तेवढ्या उरल्या. आकडे ती तिथे बसून शिकली, गुणफलकावरून. शिव्याही तिथेच.

“मी सांगणारच नाही त्यांना,” ती म्हणाली.

तिने सांगितलं नाही. आम्हीही नाही.

*

दर शनिवारी फाटकावर मार्लिस फोन दोनदा दाखवते. एकदा स्वतःचं तिकीट, एकदा बापाचं. खुर्ची सतत रिकामी दिसली तर काढून घेतात ना. फाटकावरचा म्हातारा खाली बघत यंत्र वाजवतो. तो दफनाला आला होता.

ओरव्हलच्या तिकिटांच्या खात्यावर फोन नंबर माझा आहे. वर्षातून एकदा ऑफिसचा फोन येतो तेव्हा मी ओरव्हल होतो. दोनदा खोकलं की काम भागतं.

*

टोप्यांबद्दल सांगायला हवं.

दफनानंतरच्या पहिल्याच सामन्यात पुढच्या रांगेतला गेलन प्रुशा म्हणाला, “ओरव्हल असता तर आत्तापर्यंत घसा बसला असता त्याचा.” म्हणाला आणि टोपी काढून छातीशी धरली. मग मी काढली. मग अख्ख्या विभागाने काढली. ठरवलं कुणीच नव्हतं. तेव्हापासून नाव निघालं की टोपी निघते. तोंडात घास असो, हातात बिअर असो. आमच्या विभागात देवाचं नावसुद्धा इतक्या अदबीने घेत नाहीत. तेही बहुतेक आमच्या पोरांनी चेंडू टाकला की घेतात.

*

“मिस्टर टिगन? मी ब्रिन बोलतेय, क्रीडा विभागातून!”

मी खोकलो.

“अभिनंदन! तुम्ही पन्नास वर्षं येताय! आणि गेल्या तीन वर्षांत तर एकही सामना चुकवलेला नाही. आमच्याकडे असे फार थोडे राहिलेत हो.”

“हं.”

“या शनिवारी मध्यंतरात आम्ही तुमचा सत्कार करतोय. मैदानावर!”

“गुडघे गेलेत.”

“अगं बाई! बरं, मग आम्हीच येतो वर. तुमच्या खुर्चीपाशी. कॅमेरा घेऊन!”

मी खोकत राहिलो. तिने “काळजी घ्या हं” म्हणून फोन ठेवला.

*

शनिवारी सामन्याआधी आम्ही नेहमीसारखे गाड्यांच्या तळावर जमलो. गाड्यांची मागची फळकुटं उघडलेली, पातेल्यात चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, शेजारी दालचिनीचे गोड रोल. चिलीत रोल बुडवून खातात आमच्याकडे. ज्याला आवडत नाही त्याने दुसऱ्या राज्यात राहावं.

“गेलन होईल,” मी म्हणालो.

“मी? ओरव्हलला केस होते!”

सगळ्यांनी टोप्या काढल्या. परत घातल्या.

“टोपी घालून बस.”

“माझ्यापेक्षा वीतभर उंच होता ओरव्हल.”

टोप्या काढल्या. घातल्या. बोलणं त्यामुळे फार लांबलं.

“बसूनच राहायचंय रे. मेलेल्या माणसाने उठायचं कशाला?”

“आणि त्या केसिंजरने काही विचारलं तर?”

“खोकायचं,” मी म्हणालो. “मी तीन वर्षं तेच करतोय.”

गेलनने रोलचा तुकडा चिलीत बुडवला. “देणार काय आहेत?”

“शर्ट. चौकटीत घातलेला.”

“मग तो मला राहील?”

“गेलन,” मार्लिस म्हणाली, “तू मेलास ना, की तुझ्याबरोबरच पुरू तो. आणि माझ्या बापाचं सोंग घेताना ढेकर दिलास तर आजच पुरेन.”

ती हसत नव्हती. तिने चिलीला हात लावला नव्हता. “खुर्च्या गेल्या तर मला सांगा मी शनिवारी कुठे जायचं,” ती म्हणाली. आम्ही चाळीस वर्षं तिला ओळखतो; गेलनने फक्त रोलचं ताट तिच्याकडे सरकवलं.

*

मध्यंतर. आपण अठ्ठावीस गुणांनी मागे. विद्यार्थ्यांचा सज्जा दारू प्यायला निघून गेलेला. तो नेहमीच जातो, त्याला तिकीट फुकट असतं.

केसिंजर आला. जांभळा कोट, जांभळे बूट, दात मात्र शुभ्र. मागे ब्रिन, तिच्या हातात चौकट. तिच्या मागे कॅमेरा. आठ नंबरवर गेलन, ओरव्हल घरून आणायचा त्या छोट्या गादीवर बसलेला, टोपी भुवयांपर्यंत, एखाद्या राजासारखा खूश.

लाउडस्पीकर: सारसप्रेमींनो, वळा विभाग चौदाकडे! पन्नास वर्षांची निष्ठा! आपले, सर्वांचे लाडके, ओरव्हल टिगन!

आणि अख्ख्या विभागाने टोप्या काढल्या.

मीसुद्धा. हात आपोआप गेला. रांगांमागून रांगा उभ्या राहिल्या, टोप्या छातीशी, माना खाली, चिडीचूप. आणि मधोमध गेलन प्रुशाने, जो त्या क्षणी ओरव्हल होता, उठून आपली टोपी काढली, छातीशी धरली आणि स्वतःच्या आत्म्याला शांती चिंतत मान खाली घातली. मोठ्या पडद्यावर त्याचं टक्कल दोन मजली दिसत होतं.

इतके गाढव आम्ही. एक खोटं तीन वर्षं सांभाळलं आणि शेवटी चांगल्या वळणाने बुडवलं.

केसिंजरचं हसू जागेवरच राहिलं, पण डोळे विभागभर फिरून आले. बोटीच्या सहली विकणारा असला तरी दफनं त्यानेही पाहिली असणार. त्याने माईकवर हात ठेवला आणि मार्लिसकडे वाकून विचारलं,

“कधी?”

“तीन वर्षं झाली,” मार्लिस म्हणाली.

त्याने माईकवरचा हात काढला. “ओरव्हल म्हणतायत,” तो ओरडला, “आणखी पन्नास वर्षं येणार!”

गेलनने नुकतीच घातलेली टोपी परत काढली.

*

जिन्याखाली, स्वच्छतागृहांच्या शेजारी:

“मला ट्रेंट म्हणा.”

“बोला, केसिंजर साहेब.”

“तुम्ही घाबरू नका हो. मी रागावलोय असं वाटतंय का? तुमचे वडील माझं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक आहेत. पैसे देतात, दरवेळी येतात, मध्यंतरात घरी जात नाहीत, प्रशिक्षकाला शिव्या देत नाहीत. सगळे असे मिळाले तर काय हवं!”

“मेलेले?”

“निष्ठावान. हे बघा, तुमच्या दोन्ही खुर्च्यांचा दर मी गोठवतो. देणगी माफ. तुम्ही फक्त त्यांना दर शनिवारी आणत चला.”

“आणि नाही आणलं तर?”

“तर मेलेल्या माणसाच्या नावावर तिकिटं घेतली कुणी, हे बघावं लागेल. आणि खुर्च्या सोमवारी विक्रीला.”

मार्लिसने आठ नंबर सांभाळायला तीन वर्षं घातली होती. ती म्हणाली, “आणते.”

केसिंजरने तिच्या हातात चौकट दिली. शर्टावरच्या नावात एक अक्षर चुकलेलं होतं.

*

टोप्या काढतानाची ती फीत देशभर फिरली. लोक रडले म्हणे. दोन आठवड्यांत आमच्या विभागाचं नाव ‘आदर विभाग’ झालं आणि देणगी दुप्पट. गेलनने भरली नाही. मीही नाही. आमच्यातल्या एकानेही भरली नाही. ताठपणा म्हणा हवं तर. खरं म्हणजे कुणापाशी तेवढे पैसेच नव्हते.

कॅमेऱ्यासमोर भोक दिसायला नको म्हणून केसिंजरने गावोगावच्या शाळांची बँडपथकं आणून बसवली, फुकट. प्रत्येक पोराला एक जांभळी टोपी. लाउडस्पीकरवर नाव आलं की काढायची, अशी सूचना. काढायची ती. हसत, एकमेकांच्या डोक्यावर मारत.

मार्लिस दोन शनिवार त्यांच्यात बसली. शेजारच्या खुर्चीवर ओरव्हलची गादी. मागून एका पोराच्या आईने खांद्यावर टकटक केलं.

“हा ओरव्हल कोण हो?”

“माझे वडील.”

“अय्या! मला वाटलं, टोप्या बनवणाऱ्या कंपनीचं नाव आहे.”

*

विभाग चौदा, रांग एकतीस, खुर्ची नऊ. आत्ताची किंमत अकरा डॉलर. आणखी सतरा जण हीच खुर्ची पाहत आहेत!

ती माझी खुर्ची. ती पाहणारा मी एकटाच होतो, गाड्यांच्या तळावर, फोनवर, चिली निवत असताना.

*

मोसमातला शेवटचा सामना. आम्ही आता तळावरच थांबतो, रेडिओ लावून. भिंतीपलीकडून लाउडस्पीकर ऐकू येतो, तेवढा सामना पुरे.

मार्लिस आली, गादी काखेत. आमच्याकडे न बघता फाटकाकडे गेली. मला वाटलं, गेली आत त्या पोरांत. पण ती फाटकापाशी थांबली, म्हाताऱ्यापुढे फोन एकदाच धरला. यंत्र वाजलं. ती वळली आणि परत आली.

“आत नाही गेलीस?” गेलनने विचारलं.

“बाबांना सोडून आले.”

“आणि तू?”

“माझी सात नंबर जाईल. जाऊ दे.” तिने गादी घडीच्या खुर्चीवर टाकली आणि बसली. “त्याला काय, आणत चला म्हणाला, आणलं. तिथे बसून बघायला मी कशाला हवी? त्याला जे गिऱ्हाईक आवडतं ते मी दर शनिवारी दारात नेऊन सोडीन. मग बसू दे त्याला रिकाम्या खुर्चीकडे बघत.”

भिंतीपलीकडे लाउडस्पीकर गरजला. उपस्थिती एकसष्ट हजार दोनशे. आणि मग: “आदर विभागातून, ओरव्हल टिगन!”

माझा हात टोपीकडे गेला.

“खबरदार,” मार्लिस म्हणाली. “त्या भोंग्याने नाव घेतलं तर काढायची नाही. कुणीच नाही.”

आम्ही टोप्या घालूनच उभे राहिलो. आतून पोरांचं खिदळणं आलं, मग ढोल. मार्लिसने त्या मोसमात पहिल्यांदा वाडगा पुढे केला. मी चिली वाढली.

गेलनने पातेल्यात डोकावून नाक मुरडलं.

“कांदा कमी पडलाय,” तो म्हणाला. “ओरव्हलला ही चालली नसती.”

आम्ही सगळ्यांनी टोप्या काढल्या. मार्लिसनेही. मग तिने कांद्याचा डबा उघडला.