साहेबाची गाळणी

एक गाळणी निवडायला तीन शिकलेल्या इंग्रजांना आठ महिने लागले. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्या स्वयंपाकघरात हा पराक्रम चालला होता तिथे मी खानसामा होतो आणि सगळं डोळ्यांनी पाहत होतो.

बंगला कुवेतला, बनेद अल-गार मोहल्ल्यात, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. साहेब रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत मोठा इंजिनियर. हिंदी तो फौजेत शिकला होता, त्यामुळे हुकूम सोडून त्या भाषेत काही बोलता येतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. माणूस वाईट नव्हता. नोकरीला लागताना मी सांगितलं होतं, सगळं करीन, पण दारूच्या भांड्याला हात लावणार नाही. त्याने ते मानलं. ग्लास स्वतः विसळायचा, तेही धडपणे नाही.

मग कुवेतमध्ये दारूबंदी आली आणि साहेब लोकांची तोंडं सुतकी झाली. महिनाभर त्यांनी लिंबाचं सरबत पिऊन पाहिलं. नंतर आमच्या साहेबाने ठरवलं की बियर घरीच करायची. त्याच्या जोडीला एक बँकेतला आणि एक जमिनीचे नकाशे काढणारा. दर शुक्रवारी तिघं माझ्या स्वयंपाकघरात जमत आणि मला बाहेर बसावं लागे. पण दार उघडंच असायचं.

कृती सोपी होती. मोड आणून वाळवलेले जव दळायचे, मोठ्या डेगीत गरम पाण्यात तासभर भिजवायचे, आणि खालच्या तोटीतून गोड पाणी काढून घ्यायचं. चोथा वर राहायला हवा, पाणी खाली यायला हवं. बस्, एवढंच. एवढ्यासाठी तोटीच्या तोंडाशी कसली गाळणी बसवायची, यावर या तिघांच्या सभा भरत. कागदावर आकृत्या निघत. नकाशेवाला पट्टीने भोकांची मापं घेई.

पहिली गाळणी तांब्याच्या जाळीची. दहा मिनिटांत बुजली. दुसरी तांब्याची नळी, तिला करवतीने चिरा पाडलेल्या. तीही बुजली. बँकवाल्याने मडमेचा मोजा आणला, तो फुगून दुधीभोपळ्याएवढा झाला आणि फुटला. मी बाहेर बसून हसत होतो. कारण उघड होतं. हे लोक कॉफीच्या यंत्रात जवाचं पीठ करत, भाकरी थापण्याइतकं बारीक. मग डावाने घोटत. मग तोटी पूर्ण सोडत. असली खळ कुठल्या गाळणीतून उतरणार? माझ्या आईला विचारलं असतं तर तिने तिघांनाही चुलीपुढून उठवलं असतं.

मला या तमाशाचं नुसतं हसू येऊन चाललं नसतं, कारण त्यात माझं काम अडकलं होतं. सफिया, माझी बायको, हर्णैला होती. मुलगी सईदा पाच वर्षांची झाली होती आणि सफियाने लिहिलं होतं की ती शेजारच्या हमीदला अब्बा म्हणते. बायको-मुलीला इकडे आणायचं तर जवाजातमध्ये, म्हणजे राहायचे परवाने देणाऱ्या कचेरीत, साहेबाचं पत्र द्यावं लागे. हा माणूस माझ्याकडे नोकरीला आहे, त्याच्या कुटुंबाला राहायला मी खोली देतो, एवढ्या दोन ओळींचं. बंगल्यामागे खोली रिकामी होती. मी साहेबाला विचारलं. तो तांब्याची जाळी कापत होता. "हां हां, लिख देगा," तो म्हणाला. "जरा फुरसत मिलने दो।"

मी समजलो. बियर उतरल्याशिवाय या माणसाला फुरसत नाही.

आता मी परत का विचारलं नाही? आमच्या घरात माणसाकडे मागायचं ते एकदाच. माझे वडील तांडेल होते, आठ खलाशांची होडी चालवायचे. शब्द एकदा टाकला की समोरच्याने लक्षात ठेवायचा. पुन्हा मागितलं तर ती भीक, असं त्यांचं मत. मीही त्यांचाच मुलगा.

झहूरला हे पटत नसे. झहूर आमच्या बाजूचाच, बाणकोटचा, एका वर्कशॉपमध्ये फिटर. त्याची बायको शरीफा इकडे येऊन वर्ष झालं होतं.

"परत इचार की रे," तो म्हणायचा. "तोंड झिजतंय काय तुझा?"

"एकदा सांगितलंय."

"मी तर रोज सकाळी इचारायचो. साहेब मोटारीत बसला की मी दाराशी. शेवटी कटाळला नि सही करून मोकला झाला."

म्हणजे शरीफा आली ती झहूरच्या लाळघोटेपणावर. मला असला माणूस बघवत नाही. त्यातून साहेबाची चौथी गाळणी, पितळेच्या पत्र्याला चारशे भोकं पाडलेली, यानेच करून दिली होती. मी त्याला खडसावलं, की जुम्म्याला मशिदीत पहिल्या सफेत बसतोस आणि दारूची भांडी बनवतोस?

"मी भोका पाडली," झहूर म्हणाला. "दारू नाय पाडली."

असल्या पळवाटा काढणाऱ्याच्या घरी चहासुद्धा घेऊ नये असं मला वाटलं. दोन महिने मी घेतला नाही.

ती चारशे भोकंही बुजली, हे सांगायला नकोच.

असे आठ महिने गेले. सफियाचं पत्र आलं की तिचा भाऊ म्हणतो, कुवेतचं काही खरं नाही, आता माझ्याकडे मुंबईला चल. तिने भावाचा निरोप कळवला होता, स्वतःचं काही लिहिलं नव्हतं. ते मला फार लागलं. तो शुक्रवारचा दिवस होता आणि आत तिघं पाचव्या गाळणीवर वाद घालत होते. डेगीतलं पाणी पुन्हा अडलं होतं. बँकवाला तोटीला तोंड लावून फुंकत होता. बँकेत हा लोकांचे पैसे सांभाळतो!

मी उठलो. आत गेलो आणि म्हणालो, "हटो साहेब।"

तिघं खरंच हटले. पहिली डेग मी मोरीत ओतायला लावली. नवे जव घेतले, यंत्राचा स्क्रू सैल केला आणि पीठ न करता भरड काढली, दाणा फुटेल पण तूस अख्खं राहील अशी. घरून आणलेली माझी वेळूची रोवळी होती, तांदूळ धुवायची. ती डेगीच्या तळाशी तोटीच्या तोंडावर पालथी घातली. वर भरड आणि गरम पाणी. घोटायला आलेल्या नकाशेवाल्याच्या हातातून डाव काढून घेतला. तासाभराने तोटी सुताएवढी सोडली. पहिलं पाणी गढूळ आलं, ते हळूच परत वर ओतलं. आमच्याकडे विहिरीचं पाणी गढूळ झालं की आई तुसातून असंच गाळायची. गाळण्याचं काम तूसच करतं. खालची जाळी नुसती त्याला धरून ठेवते. हे तांब्याच्या दुकानात विकत मिळत नाही.

चौथ्या तांब्याला पाणी कोऱ्या चहासारखं स्वच्छ उतरू लागलं.

साहेबाने आधी डेगीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सिराज, तुम तो हाथ नहीं लगाता?"

"अभी यह जव का पानी है," मी म्हणालो. "दारू बाद में होगा।"

बोललो आणि कानशिलं तापली. झहूरने भोकं तरी वर्कशॉपमध्ये पाडली होती. मी तर बाह्या सारून डेगीत कोपरापर्यंत होतो, आणि ज्या रोवळीत माझे तांदूळ धुतले जात ती आत तळाशी होती.

पण मी स्वतःला समजावलं, की हे सफियासाठी आहे. साहेब इतका खूश झाला होता की माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बोलो, क्या मांगता?" हीच वेळ होती. म्हणालो, साहेब, आता फुरसत झाली असेल, तर ते पत्र.

"कौन सा खत?"

मी सांगितलं. तो कपाळ चोळत राहिला. मग आठवलं. तसाच ओल्या हातांनी आतल्या खोलीत गेला, टाइपरायटर खडखडला, आणि चहा उकळायच्या आत सहीशिक्क्याचा कागद माझ्या हातात होता.

"तुम फिर बोला नहीं," तो म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटलं होतं, ते तोंडावर दिसत होतं. "हम समझा, तुम्हारा बीबी नहीं आना मांगता। दूसरे दिन बोलता तो दूसरे दिन देता।"

गाळणीचा आणि पत्राचा संबंध त्याने जोडलाच नव्हता, तो मी जोडला होता. तीन इंग्रजांना आठ महिने अकलेचे कांदे म्हणत मी दाराबाहेर बसलो, आणि तेवढे दिवस माझी बायको हर्णैला बसली, ती कुणा साहेबामुळे नव्हे. शेवटी धर्मही बाजूला ठेवला. ज्यासाठी ठेवला ते एका वाक्यात मिळत होतं.

त्या रात्री मी सफियाला लिहिलं. खरं लिहायला बसलो होतो. पण लिहिलं ते असं, की साहेब भारी आडमुठा निघाला, आठ महिने रोज सकाळी त्याच्यापुढे उभा राहून विचारलं, तेव्हा कुठे त्याने सही केली.

तीन आठवड्यांनी तिचं उत्तर आलं. सामान बांधतेय, सईदाला नवे कपडे शिवलेत, भावाला सांगितलंय की मी येत नाही. शेवटी लिहिलं होतं, "तुमचा स्वभाव मी जाणते. सख्ख्या भावापुढेसुद्धा तुम्ही दोनदा तोंड उघडत नाही. आणि माझ्यासाठी तुम्ही परक्या माणसापुढे रोज हात पसरलेत. मी उगाच तुमच्यावर राग धरून होते. माफ करा."

मी ते पत्र घडी घालून पेटीत तळाला ठेवलं.