रिकाम्या कबरीवरचे थेंब

मी एक जुनी कबर आहे, मित्रांनो, पण माझ्या पोटात कोणी नाही. दचकलात ना? बेगमसाहेबा खाली तळघरात निजल्या आहेत. मी वर घुमटाखाली, लोकांना फुले वाहता यावीत म्हणून घडवलेली नुसती संगमरवरी खूण आहे.

कारागिरांनी माझ्या अंगावर डाळिंबाची वेल कोरली, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात होते. सणाला अख्खे बुऱ्हाणपूर लोटायचे. पुढे राज्य गेले, दिवे गेले. उरली कबुतरे आणि खिळ्याने माझ्यावर नावे कोरणारे हौशी लोक. तेही मी सोसले. दगडाला दुसरे काय जमते?

पण एका पावसाळ्यात घुमटाला तडा गेला आणि माझ्यावर थेंब पडू लागले. कोणीतरी म्हणाले, बेगमसाहेबा रडतात. झाले! बाटल्या घेऊन माणसे धावली. पहारेकरी अच्छनचाचांनी मला दोरीचे कुंपण घातले, तर लोकांनी त्या दोरीलाच नवसाचे धागे बांधले.

"अहो, छत गळतंय, छत!" चाचा ओरडले.

"छत नाही, तुमचं ईमान गळतंय, चाचा. सरका बाजूला," मेहरून म्हणाली.

ही मेहरून यंत्रमागावर राबते. तिच्या लेकीची, तहूराची, नजर अधू होत चालली आहे. दर गुरुवारी ती पोरीला माझ्या उशाशी, नेमकी तड्याखाली बसवते आणि माझ्यावरचे पाणी तिच्या डोळ्यांना लावते. तिची माया मला दिसते, म्हणून तर जीव तुटतो.

वर मात्र कोणीच पाहत नाही. इथे नजर खाली ठेवूनच यायचे आणि पाठ न दाखवता उलट्या पावली जायचे, अशी रीत आहे. ती अदबच आता जिवावर उठली आहे.

काल गिलाव्याचा एक पोपडा माझ्यावरच्या फुलांत पडला. तहूराने मान वर केली.

"अम्मी, वर काहीतरी हललं."

"तुला दिसतं कुठं गं, बाई माझे? मान खाली घाल. बेगमसाहेबांसमोर वर बघतात होय?"

"खरंच हललं. चल ना, अम्मी."

"एवढं पाणी लावू दे, मग माव्याची जिलबी घेऊ." मेहरूनने हाताने तिची मान खाली दाबली.

पोरीला दिसले हो! साऱ्या गर्दीत त्या अधू डोळ्यांनाच दिसले. मला ओरडायचे होते, "पळा! इथे ऐकायला कोणी नाही, मी रिकामी आहे!" पण मला तोंड नाही.

मित्रांनो, घुमट कोसळून मी फुटले तर फुटू दे. तुम्ही फुले आणू नका, माझ्या वेलीचे फोटोही काढू नका. आत पाऊल टाकताच वर बघा आणि मोठ्याने ओरडा. कोणी बेअदब म्हटले तर म्हणू दे. फक्त गुरुवारच्या आत या. तहूरा येईल, आणि या वेळी ती शहाण्या मुलीसारखी मान खाली घालूनच बसेल.