मोरचुदी दुपटं

मोनाच्या ओठांच्या कडेला निळी रेघ दिसली आणि श्रुती हातातलं काम टाकून धावली. तिचं आठ महिन्यांचं लेकरू दुपट्याचं टोक तोंडात कोंबून मजेत चघळत होतं. तिनं ते हिसकून घेतलं, तशी मोनानं भोकाड पसरलं.

दुपटं कालच आलेलं. सासूबाईंनी, पारूबाईंनी, कळंब्याहून स्वतः शिवून आणलेलं. "मोरचुदी रंग हाय," त्या कौतुकानं म्हणाल्या होत्या. "डोळ्याला कसं गार वाटतंय, बघ की."

तेव्हा शब्द कानावरून गेला. आता मनात रुतून बसला. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, हे बी.एस्सी. झालेल्या श्रुतीला कुणी सांगायला नको होतं. कॉलेजात त्या बरणीवर लाल अक्षरांत 'विष' लिहिलेलं असायचं. आणि कळंब्याच्या गोठ्यात, म्हशींचे खूर धुवायला ठेवलेला निळ्या खड्यांचा डबा तिनं स्वतः पाहिला होता. कापड रंगवलंय त्यात? सकाळी मोनानं दूध ओकलं, ते काय उगाच?

तिनं पातेल्यात कोमट पाणी घेऊन दुपट्याचं टोक बुडवलं. पाणी निळं झालं.

"आत्ती! खरं सांगा, ह्यात मोरचूद घातलंय का?"

पिठाचे हात तसेच घेऊन पारूबाई बाहेर आल्या. पातेल्यात बघितलं, मग सुनेकडं.

"अगं, मोराच्या मानेवानी दिसतंय म्हनून त्या खड्याला मोरचूद म्हनत्यात, आन् खड्यावानी दिसतंय म्हनून कापडाला मोरचुदी. लिंबू कलरची साडी नेसून कोन आंबट झालंय व्हय?"

श्रुती हसली नाही. "मग पाणी निळं का?"

"नवं कापड रंग सोडनारच की! मी माझं जुनं लुगडं काढलंतं, तीस वर्सं धुतलेलं. तान्ह्या लेकराला जुनेरच का घालत्यात? रंग, खळ, समदं निघून गेल्यालं असतंय. तर तूच फोनवर म्हनलीस, जुनं नको, जंतू असत्यात. मग महाद्वार रोडला चार दुकानं पालथी घातली, त्योच रंग गावंस्तोवर."

श्रुतीला आठवलं. म्हणाली होती खरी, तेही ठणकावून.

"मोनाला डॉक्टरांना दाखवून आणते तरी," ती पुटपुटली. मग जरा थांबून म्हणाली, "ते लुगडं आहे का अजून?"

"पिशवीत हाय. तुजा काय नेम, म्हनून आनलंय संगट."

तोच निळा, पण उतरलेला, विटका, सायीसारखा मऊ. श्रुतीनं नवं पाणी घेतलं आणि पदराचं टोक बुडवलं. पाणी नितळ राहिलं. तिनं ते ओतून दिलं, गरम पाणी घेतलं आणि पुन्हा बुडवलं.

"तिसऱ्यांदा बी बुडीव," पारूबाई म्हणाल्या. "डाक्टरकडं जायाला मी चपलाच घालून बसते."

श्रुतीनं तिसऱ्यांदाही बुडवलं. मग ते पिळून वाळत टाकलं, आणि मोनाला कडेवर घेतलं. मोनानं लगेच आजीच्या पदराचं टोक धरून तोंडात घातलं.

श्रुतीची नजर आधी त्या पदराच्या रंगाकडं गेली.