बाळंतिणीच्या थाळ्याची मागची बाजू

मी एक जुना लाकडी थाळा आहे. मित्रांनो, हातात दिवा किंवा मेणबत्ती असेल तर ती आधी दाराबाहेर ठेवा. मग सांगतो.

(माझ्या अंगात एक उभी भेग आहे. गोष्ट तिथे तुटेल. तुटली की थोडं थांबा.)

आर्नो नदीकाठी मी झाड होतो. सुताराने मला गोल कापलं, काठ बसवला. आमच्या फ्लॉरेन्समध्ये बाई बाळंत झाली की कोंबडीचा रस्सा आणि बदामाच्या वड्या तिला पलंगावरच देतात, माझ्यासारख्या रंगवलेल्या थाळ्यातून. आमच्या घरची रीत अशी की बाळंतीण उठून चर्चला जाऊन येईपर्यंत थाळा तिच्या खोलीतून हलत नाही.

माझ्या पुढच्या बाजूवर पवित्र माता आहे. ती रंगवून घेताना घरच्या म्हाताऱ्याने चित्रकाराला बजावलं होतं, सोनं भरपूर लाव. चेहऱ्याबद्दल तो काहीच बोलला नाही. त्या काळी चित्रातला चेहरा कुणा एकीचा नसे. तिच्यामागे डोंगर नाही, आभाळ नाही, नुसतं सोनं. माणसं तिच्यापुढे मान खाली घालत.

(भेग.)

म्हाताऱ्याच्या नातवाचं, लापोचं, दियानोराशी लग्न झालं. माझी मागची बाजू कोरीच होती. लापो चित्रकार बिंदोला म्हणाला, "सोनं नको. सोनं कोणीही विकत घेतो. तुझा हात दाखव."

बिंदोने झऱ्याकाठची एक जुनी ग्रीक देवी काढली. मागे फिएसोलेच्या टेकड्या, लांब जाताना निळ्या होत गेलेल्या. देवीच्या गुडघ्याखाली खरी सावली. अंगावर चिंधीही नाही. आणि चेहरा दियानोराचा, ओठाजवळच्या तिळासकट. आता माणसं मान खाली घालत नसत. जवळ येत, बघत, हसत.

लापोची आई पिएरा मात्र येता-जाता देवीला म्हणे, "अगं, काहीतरी घाल. पडसं होईल."

मग शहरात एक साधू आला.

मी तेव्हा खोलीत भिंतीवर टांगलेला होतो, तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. पण प्रवचनाहून परतणारी माणसं माझ्याकडे बघेनाशी झाली. चौकात जाळण्यासाठी ढीग रचला जाऊ लागला: आरसे, खोटे केस, वीणा, चित्रं. साधूच्या पोरांची पांढऱ्या झग्यातली टोळकी दारोदार पापाच्या वस्तू मागत फिरू लागली. लापोने आधी बुद्धिबळ दिलं. मग माझ्याकडे बोट केलं.

"त्यात माझं तोंड आहे," दियानोरा म्हणाली. तिचे दिवस भरत आले होते. "तिकडे माझं तोंड जळणार आणि इकडे मी बाळंत होणार?"

लापोने बोट खाली घेतलं. आमच्याकडे आजारी माणूस बरा व्हावा म्हणून त्याचा मेणाचा पुतळा चर्चमध्ये टांगतात. तो खाली पडला तर माणूस दगावणार म्हणून घरात रडू फुटतं. मी तर लाकूड. मला ऊब आणि आग यांतला फरक कळतो.

(भेग. इथे फार भीती आहे. थांबा.)

चौकातला ढीग पेटवायचा होता त्या दिवशी सकाळी दियानोराला मुलगी झाली. दियानोरा कागदासारखी पांढरी पडली होती. पिएराने मला तिच्या मांडीवर ठेवलं, माझ्यावर रश्शाचा वाडगा. तेवढ्यात बिंदो आला. साधूच्या चेल्यांसारखं डोकं भादरलेलं. आगीत टाकायला त्याने स्वतःची बाकीची चित्रं आणि रंगांची पेटीही आणली होती.

"काकी, ती देवी द्या. त्यांनी माझं नाव घेण्याआधी मीच नेतो."

"थाळा हलत नाही. रीत आहे."

"ते जिन्याखाली आलेत."

पिएराने वाडगा उचलला आणि मला उलटंसुलटं करून दाखवलं. "ने की. पण आधी ही पुढची पवित्र माता सोलून ठेव. तिला जाळायची तुझी छाती आहे?"

बिंदोने पुढे केलेला हात मागे घेतला.

"रंग आहेत ना? मग हिला कपडे घाल. किती वर्षं सांगतेय." रश्शासाठी ठेवलेलं अंडं तिने त्याच्या हातात दिलं.

त्याने बलकात निळी पूड कालवली. मी ब्रश अंगावर घेत होतो आणि जिन्यावरची पावलं ऐकत होतो. खांदा झाकला. कंबर झाकली. गुडघा झाकला, तोच दार उघडलं.

"ही कोण?" टोळीचा म्होरक्या म्हणाला.

"संत मार्गारेट," पिएरा म्हणाली. "बाळंतिणींची."

तो वाकला. रंग ओला होता. "हिचं तोंड या बाईसारखं कसं?"

"कळा सोसताना सगळ्या बायकांची तोंडं सारखीच दिसतात. तू कधी पाहिलं असशील तर ना. आता बाहेर हो. ही बाळंतिणीची खोली आहे."

ते गेले. बिंदो उरलेली चित्रं घेऊन त्यांच्यामागून गेला. संध्याकाळी खिडकीतून तडतड ऐकू आली. त्यात माझ्या ओळखीची लाकडं होती. दियानोराने वाडगा माझ्यावर ठेवला आणि रस्सा शेवटपर्यंत प्यायली. ती जगली.

(भेग.)

त्यानंतर बिंदोने ब्रश धरला नाही, असं म्हणतात. दियानोराच्या मुलीच्या मुलींनाही मी रस्सा पोचवला. आता मी कोठीत आहे. निळा रंग पातळ होत चालला आहे आणि त्याखालून देवीचा गुडघा दिसू लागला आहे. दार वाजलं की मला वाटतं, तेच आले.

मित्रांनो, मला साफ करायला याल, तर तो निळा रंग खरवडू नका. तो घाबरलेल्या हाताने लावला आहे, पण कुणाला तरी वाचवायला लावला आहे. आणि जाळायला याल, तर आधी एकदा मला उलटून बघा.